गवताचा तुरा आणि भट्टीतला वायू

गोल्फच्या मैदानावर गवताला फुलण्याची मुभा नसते. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे वाक्य लिहिताना जरा चमत्कारिक वाटते, कारण फुलोरा हेच गवताच्या साऱ्या खटाटोपाचे फळ, असे आम्ही वर्गात सांगत आलो. परंतु ज्या गुळगुळीत हिरवळीवरून चेंडू छिद्राकडे घरंगळत जातो, त्या ‘ग्रीन’वरील गवत जेमतेम तीन मिलिमीटर उंचीवर कापलेले असते. तिथे एखादा इवलासा तुराही चेंडूची वाट वाकडी करतो. थंड प्रदेशातील पोआ ॲन्युआ हे गवत तर इतके खाली कापले तरी यंत्राच्या पात्याखालीच तुरे काढत राहते. अमेरिकेतील पेबल बीच आणि ओकमाँट या नामांकित मैदानांच्या ग्रीन्स याच गवताच्या आहेत. वसंत ऋतूत अशा हिरवळीवर पांढुरकी झाक येते, चेंडू उड्या मारू लागतो, आणि तुरे घडवण्यात साठा खर्ची पडल्याने गवत उन्हाळ्यापूर्वीच अशक्त होते. कापून प्रश्न सुटत नाही, म्हणून वाढनियंत्रकांची फवारणी करतात. विद्यार्थीमित्रांना हा श्रीमंतांच्या खेळाचा किरकोळ प्रश्न वाटेल. मलाही आरंभी तसेच वाटले होते. परंतु त्यावरचे संशोधन वाचू लागलो तेव्हा गोल्फ बाजूला राहिला आणि ऊस, अननस, डाळिंब व आमच्या भिलाईच्या कोक भट्ट्या एकाच धाग्यात ओवल्या गेल्या.

मराठी शेतकऱ्याला या प्रश्नाची ओळख करून द्यावी लागत नाही. त्याच्याकडे त्यासाठी ‘तुरा’ हा नेमका शब्दच आहे. ऊस हेही गवतच. त्याच्या शेंड्यात दडलेला वाढीचा बिंदू एकामागून एक पाने आणि कांड्या घडवत असतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात दिवस लहान होत होत सुमारे साडेबारा तासांवर आला आणि रात्री पुरेशा उबदार राहिल्या, की हा बिंदू पाने घडवणे थांबवतो व फुलोरा घडवू लागतो. महाराष्ट्रात हे ऑगस्ट-सप्टेंबरात घडते. तुरा मात्र शेतात दिसतो तो दिवाळीच्या आगेमागे, किंवा त्याहूनही नंतर. मधल्या काळात बांधावर उभ्या असलेल्या माणसाला काहीही कळत नाही. निर्णय झालेला असतो, पण तो पानांच्या गुंडाळीत झाकलेला असतो. तुरा आल्यावर उसाची वाढ खुंटते. तोड लांबली तर पांगशा फुटतात, आत दशी पडते आणि साखरेचा उतारा घसरतो. दुर्गमधून २०१२ मध्ये वेगळ्या झालेल्या बालोद जिल्ह्यात करकाभाटला सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे या भागातही ही चिंता अपरिचित नाही. ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेसारख्या देशांत उसाचा तुरा रोखण्यासाठी जे रसायन फवारतात, तेच पोआ ॲन्युआवरही फवारतात. त्याचे नाव इथेफॉन.

याच तुऱ्याची आतुरतेने वाट पाहणारी माणसेही आहेत, हे येथेच नोंदवून ठेवतो. १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र स्थापन झाले, त्यामागे तेथे ऊस चांगला फुलतो हे एक मोठे कारण होते. आपल्याकडे सिंधुदुर्गातील आंबोलीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे पैदास केंद्र आहे, तेही त्याच कारणाने. तिथे तुरा आला नाही तर संकर कशाचा करायचा? एकाच्या शेतातला दोष दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतली पुंजी ठरतो.

इथेफॉन हे रसायन मुळात अगदी साधे आहे. आम्लधर्मी द्रावणात ते स्थिर राहते. सामू चारच्या वर गेला की ते विघटित होऊ लागते आणि त्यातून क्लोराइड, फॉस्फेट व इथिलीन हा वायू बाहेर पडतो. बाटलीतले द्रावण आम्लधर्मी असते. वनस्पतीच्या पेशीतील रसाचा सामू त्याहून जास्त असतो. म्हणजे आपण फवारतो ते केवळ वेष्टन. पानात शिरल्यावर ते उघडते आणि आतला वायू मोकळा होतो. फवारणीचे पाणी अल्कधर्मी असेल व द्रावण टाकीत बराच वेळ पडून राहिले तर हे वेष्टन पानावर पोहोचण्यापूर्वीच फुटते आणि शेतकरी औषधाच्या कंपनीला बोल लावतो. आमच्या वर्गात सामूचा धडा मुलांना नेहमीच रटाळ वाटे. तो इथेफॉनपासून सुरू करायला हवा, असे मी तरुण सहकाऱ्यांना सुचवत आलो आहे.

आता भिलाईविषयी. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या झोत भट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीला लागणारा कोक तयार करण्यासाठी दगडी कोळसा हवाबंद भट्टीत तापवतात. त्यातून जो वायू निघतो त्यात हायड्रोजन निम्म्याहून अधिक, मिथेन सुमारे चौथा हिस्सा, थोडा कार्बन मोनॉक्साइड आणि शेकडा दोन-तीन भाग इतर हायड्रोकार्बन वायू असतात. त्यांत इथिलीन असते. कारखान्यात हा वायू इंधन म्हणून वापरला जातो. त्याचा धाक भिलाईकरांना कोणी शिकवावा लागत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये याच वायूच्या वाहिनीला लागलेल्या आगीत माणसे गेली, तेव्हा सेक्टर-सेक्टरमधल्या घरांत अनेक दिवस चूल जड मनाने पेटत होती.

एकोणिसाव्या शतकात युरोपातील शहरांचे रस्ते अशाच कोळशाच्या वायूने उजळत. जमिनीखालच्या नळांतून तो गळे आणि रस्त्याकडेची झाडे अवेळी पाने टाकत; १८६४ मध्ये जिरार्दां या संशोधकाने त्याची नोंद केली. त्यामागचे कारण सापडले ते सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत. दिमित्री नेल्युबोव नावाच्या तरुण संशोधकाला दिसले, की खोलीत वाढवलेली वाटाण्याची रोपे आखूड, जाडसर राहतात आणि सरळ वर जाण्याऐवजी आडवी पडतात. बाहेरच्या हवेत वाढवली तर सरळ वाढतात. त्याने दिव्याच्या वायूचे घटक एकेक करून तपासले आणि १९०१ मध्ये इथिलीनवर बोट ठेवले. अत्यल्प प्रमाणातला एक साधा वायू वनस्पतीला वाढीची दिशा बदलायला लावतो, हे विज्ञानाला असे कळले. पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी दाखवले, की पिकणारे सफरचंद स्वतःच हा वायू निर्माण करते. म्हणजे तो वनस्पतीचा स्वतःचा निरोप होता. दिव्याच्या नळीतून तो चुकून तिच्या कानी पडला इतकेच. माझ्या लहानपणी आमच्या वसाहतीत रशियन अभियंते सहकुटुंब राहत, १९७२ मध्ये उभारलेल्या मैत्री बागेत आम्ही रविवारी जात असू, आणि रशियनांनी भिलाईला पोलाद दिले हे पाठ्यपुस्तकासारखे पाठ होते. ज्या वायूची नळकांडी ते लोक आमच्या कारखान्यात जोडत होते, त्यातल्या एका घटकाने वनस्पतिशास्त्राचे एक दालन उघडले, आणि तेही एका रशियनाच्याच हातून, हे मात्र मला पदव्युत्तर वर्गात गेल्यावर कळले. हा योगायोग आहे. त्याला योगायोगाहून मोठे करण्याची माझी इच्छा नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हा एकच निरोप निरनिराळ्या झाडांना निरनिराळा ऐकू येतो. पोर्तुगालच्या अझोरेस बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचघरातील अननसांना धूर लागला आणि ती झाडे एकदम फुलोऱ्यावर आली. पुढे सिद्ध झाले, की ती किमया धुरातल्या इथिलीनची. आज जगभर अननसाच्या बागा एकाच वेळी फुलवण्यासाठी इथेफॉन वापरतात. सोलापूर-सांगलीकडचा डाळिंब बागाईतदार बहर धरताना पाणी तोडतो आणि मग ‘इथ्रेल’ फवारून पानगळ करतो. नाशिकचा द्राक्ष बागाईतदार ऑक्टोबर छाटणीपूर्वी तेच करतो. काकडीवर्गीय वेलींत त्याने मादी फुले वाढतात. आणि पोआ ॲन्युआ व ऊस या गवतांत फुलोराच अडतो. एकीकडे फुलवणारे, दुसरीकडे फूल रोखणारे, तिसरीकडे पाने गाळणारे! आपल्याकडे या सर्व पदार्थांना ‘संजीवके’ म्हणतात. शब्द गोड आहे, परंतु त्यामुळे शेतकऱ्याच्या मनात टॉनिकची कल्पना रुजते. संजीवक हे पोषण देत नाही. ते फक्त एक शब्द उच्चारते, आणि त्या शब्दाचा अर्थ ऐकणारा ठरवतो.

कोकणातील हापूसही याच गोष्टीचा साक्षीदार आहे, रसायन मात्र दुसरे. पॅक्लोब्युट्राझॉल हे झाडातील जिबरेलिन या वाढसंप्रेरकाची निर्मिती अडवते. वाढ मंदावली की आंबा मोहोराकडे वळतो, म्हणून झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ०.७५ ग्रॅम क्रियाशील घटक या हिशेबाने ते जुलै-ऑगस्टमध्ये मुळांजवळ देतात. बागाईतदार त्याला ‘कल्टार’ म्हणतो. हेच पॅक्लोब्युट्राझॉल गोल्फच्या ग्रीनवर देतात ते पोआ ॲन्युआची वाढ खुंटवून शेजारच्या बेंटग्रासला वरचढ करण्यासाठी. रत्नागिरीत जे द्रव्य मोहोरासाठी द्यायचे, ते ओहायोत तणाला दाबून ठेवण्यासाठी!

पुन्हा तुऱ्याकडे वळतो. गोल्फच्या जगात इथेफॉन सहसा एकटे देत नाहीत. त्यासोबत ट्रायनेक्सापॅक-इथाइल देतात. हे दुसरे द्रव्य जिबरेलिन तयार होण्याची अखेरची पायरी अडवते, त्यामुळे पाने आखूड राहतात. त्याच्या एकट्याच्या बळावर तुरा थांबत नाही. पण नुसत्या इथेफॉनने गवत पिवळसर पडते व त्याचा बुंधा जमिनीपासून वर उचलला जातो, मग यंत्राचे पाते तो सोलून काढते. जोडीदार असला की हा त्रास कमी होतो. इथवरचे कोष्टक कोणीही पाठ करील. अवघड भाग वेळेचा आहे. वाढीच्या बिंदूने फुलोऱ्याचा निर्णय घेण्यापूर्वी निरोप पोहोचला तरच त्याचा उपयोग. तुरा दिसल्यावर फवारले तर पैसे पाण्यात. अलीकडच्या अमेरिकी प्रयोगांत पहिली फवारणी हिवाळ्यातच उरकल्यास तुरे अधिक चांगले रोखले जातात असे दिसले आहे. याचा अर्थ निर्णय समजुतीपेक्षा बराच आधी होत असला पाहिजे.

आणि वेळ मोजायची ती दिनदर्शिकेने नव्हे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी बेंटग्रासच्या ग्रीनवर दाखवले, की ट्रायनेक्सापॅकचा प्रभाव दिवसांवर नव्हे, उष्णतेवर ओसरतो. रोजचे सरासरी सेल्सिअस तापमान मिळवत जायचे. बेरीज २०० झाली की पुढची फवारणी. सरासरी २० अंश असेल तर दहा दिवस, ३० असेल तर आठवडाही पुरत नाही. फवारणी चुकली तर दाबून ठेवलेले गवत उसळी मारून नेहमीपेक्षा वेगाने वाढते. हा आकडा बेंटग्रासचा आहे, त्याला दुसऱ्या गवताच्या गळ्यात बांधता येत नाही.

नेमके तसे बांधण्याचा प्रयत्न माझ्या घरातच होऊ घातला होता. माझा भाचा पुण्याजवळच्या एका गोल्फ मैदानावर हिरवळीची देखरेख करतो. मागल्या वर्षी श्रावणात त्याचा दूरध्वनी आला.

“मामा, ग्रीनवर तुरेच तुरे झालेत. तीन आठवड्यांवर स्पर्धा आहे. वरून सांगितलंय की इथ्रेल मार. अमेरिकेतला तक्ता दिलाय हातात.”

“तक्ता कोणत्या गवताचा आहे रे?”

तो क्षणभर थांबला. “पोआचा.”

“आणि तुझं गवत?”

“आपली दूर्वाच की, मामा. बर्म्युडा म्हणतात इथं.”

दूर्वा, हरळी, छत्तीसगढीत दूबी, गोल्फच्या भाषेत बर्म्युडा: सारी एकाच सायनोडॉन डॅक्टिलॉनची नावे. शेतकऱ्याला ती हरळी म्हणून नकोशी, गणपतीला दूर्वा म्हणून प्रिय. माझी आई क्वार्टरपुढच्या हिरवळीतून एकवीस दूर्वा खुडायची तेव्हा तुरा आलेली काडी बाजूला टाकायची, कोवळीच हवी. पक्ष्याच्या पावलासारखा, तीन ते सहा बोटांचा तो जांभळट तुरा मी वनस्पतिशास्त्र शिकण्यापूर्वी त्या बाजूला टाकलेल्या काड्यांतच पाहिला.

पोआ ॲन्युआचा मोठा फुलोरा वर्षातून एकदा, वसंतात येतो. त्यापूर्वी एक दार उघडे असते आणि त्या दारातून इथेफॉन आत शिरते. दूर्वेला असे एक दार नाही. उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत तिचे नवे दांडे फुटत राहतात आणि प्रत्येक दांड्याचा निर्णय वेगळ्या दिवशी होतो. कोणत्याही दिवशी फवारले तरी काही दांड्यांसाठी फार लवकर आणि काहींसाठी फार उशीर झालेला असणार. त्यात त्याचे तुरे तर डोळ्यांना दिसत होते, म्हणजे त्या दांड्यांचा प्रश्न निकालात निघाला होता. शिवाय दूर्वा भुकेली किंवा तहानलेली असली की जास्त फुलते. जगण्याची खात्री कमी झाली की बीजाची घाई, हे गवताचे जुने गणित आहे. मी त्याला विचारले, शेवटचे नत्र कधी दिले? पावसाआधी, म्हणाला. ग्रीनच्या वाळूतून जूनपासूनच्या पावसाने ते केव्हाच वाहून गेले असणार.

तुरे पूर्णपणे नको असतील तर त्याचे उत्तर फवारणीपेक्षा वाणात अधिक आहे, हेही त्याला सांगितले. अमेरिकेत जॉर्जियातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी दूर्वा आणि आफ्रिकेतील तिची एक बहीण यांच्या संकरातून ‘टिफ’ मालिकेचे वाण काढले. त्यांत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे ते वांझ असतात. तुरा आला तरी त्यातून बी धरत नाही, आणि लागवड काड्या लावूनच करावी लागते. पण वाण बदलणे म्हणजे मैदान वर्षभर उखडणे. तीन आठवड्यांत ते होणे नव्हते.

नत्राची गोष्ट त्याला पटली. फवारणीचा मोह मात्र सुटत नव्हता, कारण वरचा आदेश होता. मग मी बाटलीचे लेबल वाचायला सांगितले. त्यावर पिकांची नावे होती; गवताचे नव्हते. आपल्या देशात कीडनाशके व संजीवके १९६८ च्या कायद्याखाली नोंदवली जातात ती विशिष्ट पिकासाठी, विशिष्ट मात्रेत. ही कागदी बाब नाही, हे द्राक्षवाल्यांनी २०१० मध्ये मोठी किंमत देऊन अनुभवले. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून घडनिर्मिती वाढवण्यासाठी क्लोरमेक्वाट हे वाढनियंत्रक वर्षानुवर्षे वापरात होते. त्या वर्षी युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचा अंश किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या तिथल्या मर्यादेहून अधिक आढळला. माल अडला आणि ज्यांनी कर्ज काढून बाग उभी केली होती त्यांचे हंगाम बुडाले. वेलीला दिलेला निरोप फळापर्यंत जाऊन पोहोचला होता, आणि तो तिथे शोधण्याचा विचार आपण वेळेवर केला नव्हता.

“पण मामा, गोल्फचं गवत कोण खातंय?” भाच्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. मी उलट विचारले, की गणेशोत्सवापूर्वी तुझ्या मैदानाच्या कडेला कोणी येते का? तो हसला आणि मग गप्प झाला. येतात, म्हणाला. पहाटे पाच-सहा बायका कुंपणालगत बसून दूर्वा खुडतात, जुड्या बांधतात आणि मंडईत नेतात. पहारेकरीही त्यांना हटकत नाहीत. त्या जुड्या घरोघरी जातात. काही घरांत दूर्वांचा रस औषध म्हणून घेतात. ग्रीनवर मारलेला फवारा वाऱ्याने कडेपर्यंत जातो, आणि अमेरिकेच्या तक्त्यात या बायकांसाठी रकाना नसतो.

त्याने वरिष्ठांना पत्र लिहिले. मी मजकूर सुचवला नाही; फक्त ‘लेबलावर पीक नाही’ हे वाक्य सर्वांत वर घे, एवढे सांगितले. संस्थेतल्या माणसाला शास्त्रापेक्षा हे वाक्य लवकर कळते, हा नोकरीतला अनुभव. परवानगी मिळाली ती अर्धीच: इथ्रेल नको, पण स्पर्धा चुकता कामा नये. त्याने थोडे थोडे नत्र आठवड्याच्या अंतराने दिले, पाती रोज धार लावून घेतली, एकदा हलका ब्रश फिरवून आडवे दांडे उभे केले आणि कापले. सरावाच्या ग्रीनचा एक पट्टा मात्र मुद्दाम उपाशी ठेवला, तुलनेसाठी. मला हे फार आवडले. न सांगता सुचले होते.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्याने छायाचित्रे पाठवली. तुरे कमी झाले होते, गेले नव्हते. उपाशी पट्टा लांबूनही ओळखू येत होता, जांभळट आणि खरबरीत. एका खेळाडूने चेंडू अडल्याची तक्रार केली, दोघांनी ग्रीनचे कौतुक केले. यंदा तो उन्हाळ्यातच माती तपासून घेणार आहे. पावसाळाभर नत्र किती हप्त्यांत विभागायचे याचा कागद त्याने मला पाठवला आहे, आणि त्यात सरावाच्या ग्रीनवर दोन पट्टे उपाशी ठेवायचे लिहिले आहे.